लीडर कुठला घ्यायचा? आधी तुटलेलं टोक बघा

प्रश्न : मी मूळचा पेडण्याचा, नोकरीसाठी म्हापशात राहतो. गेल्या पावसाळ्यानंतर किनाऱ्यावरून रॉडने मासे धरायचा नाद लागला. १२ फुटी रॉड, ५००० आकाराचं रीळ, त्यावर २० पौंडी (म्हणजे तेवढा भार पेलणारी) विणलेली, ब्रेडेड लाइन आणि पुढे लीडर म्हणून २० पौंडी तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या एकसंध दोरीचा, दोन फुटांचा तुकडा, एवढंच सामान आहे. मोरजीला शापोऱ्याच्या मुखाशी एक चांगला चोणक लागला, खडपाच्या दिशेने गेला आणि लीडर तुटला. उरलेला वीतभर तंगूस खरखरीत, पांढरट झाला होता. तेव्हापासून झोप लागत नाही. दुकानदार म्हणतो फ्लुरोकार्बन घ्या, माशाला दिसत नाही. मित्र म्हणतो स्टीलची वायर लाव, मग काही तुटणार नाही. माझे काका आयुष्यभर हातात दोरी धरून गरवत आले, ते म्हणतात तंगूसच बरा. दुकानदाराच्या सांगण्यावरून २५ पौंडी फ्लुरोकार्बनचं एक भेंडोळं घेतलं आहे, अजून फोडलेलं नाही. ते वापरू की परत करू? हिवाळ्यात मुडदुशीसाठी वेगळं काही लागतं का? आणखी एक, गेल्या आठवड्यात ११० ग्रॅमचं शिसं जोरात फेकताना लाइन तुटली आणि शिसं बाजूला, चार पर्यटक बसले होते त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर रेतीत पडलं. लीडर बदलला की हेही थांबेल ना?

— एक वाचक, म्हापसा

उत्तर : सप्रेम नमस्कार. चोणकाबद्दल तुम्ही पानभर लिहिलं आहे आणि शिशाबद्दल दोन ओळी, त्याही शेवटी. मी मात्र शिशापासूनच सुरुवात करणार आहे, कारण चोणक पुन्हा लागेल. त्या चार माणसांपैकी कुणाच्या डोक्याला ते शिसं लागलं असतं तर त्याला काही इलाज नव्हता.

११० ग्रॅमचं शिसं १२ फुटी रॉडने पूर्ण ताकदीने फेकता तेव्हा लाइनवर येणारा झटका शिशाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. रॉड वाकून सरळ होतो त्या क्षणी सगळा भार तुमच्या बोटाखालच्या लाइनवर येतो. ब्रेडेड लाइन जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे झटका पचवायला तिच्यात जागा नसते. शिवाय गाठीपाशी कुठल्याही लाइनची ताकद कमी होते. २० पौंडी ब्रेडेड, तिला साध्या गाठीने जोडलेला २० पौंडी तंगूस आणि त्यापुढे ११० ग्रॅम शिसं, ही जोडणी तुटणारच होती. आणि फेकीच्या मधोमध तुटलं की शिसं कुठे जाईल ते कुणाच्याच हातात नसतं. ते समोर समुद्रात जातं, बाजूला जातं, कधी मागेही येतं.

म्हणून पहिली गोष्ट : तुमच्या दोन फुटांच्या तुकड्याला किनाऱ्यावरच्या फेकीत लीडर म्हणताच येणार नाही. इथे दोन वेगळ्या वस्तू लागतात आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळा घोळ होतो. एक फेकीचा लीडर, ज्याला शॉक लीडर म्हणतात, तो शिशाचा झटका पेलण्यासाठी. दुसरा गळाजवळचा तुकडा, तो मासा, त्याचे दात आणि तळाची खडपं यांच्यासाठी. पहिला शिशाच्या वजनावर ठरतो, दुसरा माशावर आणि जागेवर.

फेकीच्या लीडरचा हिशेब सर्फ कास्टिंग, म्हणजे किनाऱ्यावरून लांब फेकून मासेमारी, करणाऱ्यांमध्ये जुना आणि सोपा आहे : शिशाच्या दर औंसाला १० पौंड. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. म्हणजे ८५ ग्रॅमला ३० पौंडी, ११० ग्रॅमला ४० पौंडी, १४० ग्रॅमला ५० पौंडी. शिशाखेरीज आमिषाचंही वजन असतं हे लक्षात ठेवा. अर्धा बांगडा लावून फेकणार असाल तर तोही मोजा आणि एक पायरी वर जा. शंका असेल तिथे जाड घ्या. जाडीने फेक थोडी आखूड होईल, एवढंच नुकसान.

लांबीही मोजूनच घ्यायची. फेकायच्या तयारीत असता तेव्हा शिसं रॉडच्या टोकापासून पाचसहा फूट खाली लोंबत असतं. टोकापासून रिळापर्यंत तुमच्या १२ फुटी रॉडवर नऊएक फूट होतात. त्यानंतर रिळाच्या स्पूलवर लीडरचे किमान पाचसहा वेढे बसायला हवेत, त्याचे तीनेक फूट. सगळं मिळून १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर. थोडं जास्त घ्या, सहा मीटर, म्हणजे टोकाचा झिजलेला भाग दोनतीनदा कापून टाकता येईल. स्पूलवरचे वेढे गाठीचा भार हलका करतात, म्हणून ते चुकवू नका. त्यांचा आणखी एक उपयोग आहे : फेकताना तुमचं बोट जाड, गुळगुळीत तंगुसावर असतं. नुसती ब्रेडेड बोटावर धरून जड शिसं फेकणाऱ्यांची बोटं सुरीने कापावीत तशी कापली जातात.

हा लीडर साध्या नायलॉनचा, म्हणजे तंगुसाचाच असावा. इथे काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तंगूस ताणतो, आणि मागे ८०-९० मीटर न ताणणारी ब्रेडेड असताना पुढचा हा सहा मीटरचा ताणणारा भागच माशाचा झटका पचवतो. ४० पौंडी फ्लुरोकार्बन ताठ असतं. स्पूलवर त्याच्या गुंडाळ्या मोठ्या होऊन सैल सुटतात आणि फेकताना रॉडच्या कड्यांत अडकतात. एवढी लांबी त्याची लावायची तर पैसेही भरपूर जातात. जिथे गरजच नाही तिथे ते कशाला?

आणि लीडर कितीही चांगला लावला तरी माणसं असतील तिथे फेकू नका. मोरजी, आश्वे, मांद्रे या पट्ट्यात डिसेंबरात संध्याकाळी पुळणीवर पाय ठेवायला जागा नसते. पहाटे जा, किंवा शॅक संपतात त्याच्या पलीकडे जा. मागे, डावीकडे, उजवीकडे बघितल्याशिवाय रॉड मागे न्यायचा नाही. शेजारी कुणी फेकणारा असेल तर त्याच्या लाइनमध्ये कुठे पांढरा चट्टा किंवा सुटं सूत दिसतंय का तेही बघा आणि दिसलं तर त्याला सांगा.

आता चोणक. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे ‘उरलेला वीतभर तंगूस खरखरीत, पांढरट झाला होता’. बहुतेक जण तुटलेलं टोक फेकून देतात आणि मग दुकानात जाऊन विचारतात कुठला लीडर घेऊ. उत्तर त्या टोकावरच असतं. पुढच्या वेळी ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. टोक स्वच्छ, ब्लेडने कापल्यासारखं असेल तर दात. आपल्याकडे पुष्कळदा ते काम केंडाचं, म्हणजे अंग फुगवणाऱ्या माशाचं, असतं, चोचीसारख्या दातांनी ते तंगूस सहज छाटतं, आणि तुम्हाला साधा झटकाही जाणवत नाही. टोक गुंडाळी होऊन डुकराच्या शेपटीसारखं वळलं असेल तर काही तुटलेलंच नाही, गाठ सुटली आहे. टोकाजवळ तंगूस बारीक होत गेला असेल, जणू कुणी ओढून ताणला आहे, तर भार झेपला नाही, म्हणजे रिळाचा ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सोडणारा ब्रेक) फार घट्ट होता. आणि वीतभर, हातभर भाग खरवडलेला, पांढरा, बोटाला टोचणारा असेल तर घासून तुटलं.

तुमचं घासून तुटलं. चोणकाला कापणारे दात नसतात. त्याच्या तोंडात बारीक, कानशीसारखे दात असतात, बोटाला नुसते खरखरीत लागतात. धोका त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाला असतो. ती कड धारदार आणि दातेरी असते, आणि मासा उडी मारून डोकं झाडतो तेव्हा ती लीडरवर घासत जाते. चोणक हाताळताना बोटं तिथे घालू नका म्हणतात ते त्याचसाठी. त्यात शापोऱ्याच्या मुखाशी खडपांवर कालवं आणि शिनाणे. कालवाची कड काचेसारखी असते. मासा खडपाकडे गेला, लीडर कालवांवर ताणला गेला, आणि २० पौंडी तंगूस तिथे सेकंदभर टिकला असेल. २० पौंडी तंगुसाची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते, म्हणजे एक जरी ओरखडा गेला तरी त्याची निम्मी ताकद संपली.

म्हणून इथे हवी ती जाडी. नदीच्या मुखाशी, खडपाजवळ, खाजणाच्या मानशीपाशी (भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारापाशी) चोणक किंवा तांबसो धरायचा तर गळाजवळ ४० ते ६० पौंडी तुकडा, साधारण ०.६० ते ०.८० मिलिमीटर. तांबसोला तर सुळेही असतात आणि गळ लागल्याबरोबर तो सरळ बिळात घुसतो, त्याला ६० खालचं काही देऊ नका. खरेदी करताना पाकिटावरच्या पौंडांपेक्षा मिलिमीटर बघा. पौंडांचे आकडे कंपनीकंपनीत बदलतात. कालवाला पौंड कळत नाहीत, त्याला कापायला किती जाडी आहे तेवढंच महत्त्वाचं.

हाच तुकडा तंगुसाचा घ्यावा की फ्लुरोकार्बनचा, हा तुमचा मुख्य प्रश्न. दुकानदार खोटं बोलला नाही, पण अर्धंच सांगितलं. फ्लुरोकार्बन म्हणजे पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक. मासेमारीसाठी ते १९७१ साली जपानच्या कुरेहा कंपनीने आणलं. ‘दिसत नाही’ हा दावा प्रकाशाच्या वाकण्यावर उभा आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या वर. पाण्याच्या जितकं जवळ तितकं कमी चमकतं, हे खरंच आहे. पण १.४२ म्हणजे १.३३ नव्हे. ते कमी दिसतं, अदृश्य होत नाही, आणि ०.६० मिलिमीटर जाडीचं तर नक्कीच नाही. आता हे तुमच्या जागेवर लावून बघा. पाऊस संपल्यावर शापोरा, तेरेखोल, मांडवी यांचं गढूळ पाणी कित्येक दिवस मुखाबाहेर येत असतं. लाटा फुटतात त्या पट्ट्यात रेती सतत ढवळलेली असते. चोणक बहुतेक पहाटे, तिन्हीसांजेला, रात्री खातो. अशा पाण्यात, अशा वेळी माशाला तंगूस दिसला म्हणून तो फिरला, हे मला पटत नाही. दिसण्यासाठी त्यावर पैसे घालणं किनाऱ्यावरच्या मासेमारीत बहुतेक वेळा वायाच जातं.

फ्लुरोकार्बनचे खरे गुण दुसरे आहेत, आणि दुकानात त्यांच्याबद्दल क्वचितच कुणी बोलतं. त्याचा पृष्ठभाग कठीण असतो, त्यामुळे त्याच जाडीच्या तंगुसापेक्षा घासणं जास्त सोसतो. ते पाणी शोषत नाही. नायलॉन मात्र पाण्यात राहून थोडं फुगतं, मऊ होतं आणि थोडी ताकद गमावतं. उन्हानेही फ्लुरोकार्बन सहसा बिघडत नाही, तर नायलॉन उन्हात पडून कुजतं. म्हणूनच दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला तंगूस कधीही विकत घेऊ नका, आणि स्वतःचं भेंडोळं गाडीच्या काचेखाली ठेवू नका. फ्लुरोकार्बन जड असतं, घनता १.७८, म्हणून झपाट्याने बुडतं. तळाशी खेळवायच्या कृत्रिम आमिषाला ते चांगलंच. पण पृष्ठभागावर पॉपर (पाण्यावर तरंगणारं कृत्रिम आमिष) खेळवत असाल तर हेच वजन त्याचं नाक खाली ओढतं. तिथे तंगूसच हवा.

तेव्हा खडपाळ जागी, कृत्रिम आमिषाने चोणक धरायला जाणार असाल आणि खिसा परवानगी देत असेल तर तीनचार फूट ५० पौंडी फ्लुरोकार्बन जरूर लावा. परवडत नसेल तर ६० पौंडी तंगूस लावा, आणि त्यात काहीतरी कमी पडलं असं अजिबात वाटून घेऊ नका. माझ्या मते एका पायरीने जाड तंगूस आणि दर माशानंतर टोक कापायची सवय, हे दोन मिळून महागड्या भेंडोळ्यापेक्षा जास्त मासे किनाऱ्याला आणतात. कारण फ्लुरोकार्बन महाग पडतं म्हणून लोक ते कापायला कचरतात. ओरखडा दिसतो, तरी ‘अजून एक फेक’ म्हणतात, आणि नेमका त्या फेकीला मोठा मासा लागतो.

तुमच्या भेंडोळ्याकडे वळायच्या आधी एक तपासणी करा. बाजारात नायलॉनवर नुसता फ्लुरोकार्बनचा मुलामा दिलेली लाइन मोठ्या अक्षरांत ‘फ्लुरोकार्बन’ लिहून विकली जाते. खरं कोणतं ते स्वयंपाकघरात कळतं. काचेच्या ग्लासात १०० मिलिलिटर पाणी घ्या आणि त्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला. ३५ ग्रॅमच्या आसपास लागेल. तळाशी थोडं मीठ उरलं म्हणजे पाणी पुरेसं जड झालं. त्यात लाइनचा बोटभर तुकडा टाका आणि चमच्याने खाली दाबून त्याला चिकटलेले बुडबुडे सोडवा. या मिठाच्या पाण्याची घनता १.२० च्या जवळ असते. नायलॉनची १.१४, त्यामुळे ते दाब काढताच वर येतं. खरं फ्लुरोकार्बन तळाला जाऊन पडून राहतं. साध्या पाण्यात ही तपासणी करू नका, तिथे दोन्ही बुडतात आणि फसगत होते.

वायरबद्दल थोडक्यात. तुमच्या मित्राला सांगा, चोणकाला वायर नको. त्याला कापणारे दात नाहीत. वायरमुळे आमिष आखडतं, लचकत नाही. वायर लागते ती इसवण, बाराकुडा, वाकटी अशा कात्रीदातांच्या माशांना, म्हणजे काब द रामसारख्या ठिकाणी खोल पाण्याला लागून असलेल्या खडपावरून जिवंत आमिष किंवा धातूचा चमचा फेकत असाल तेव्हा. तिथेही फक्त गळाजवळ २०-३० सेंटिमीटर, सात तारांची नायलॉनचं आवरण असलेली, पुढे स्विव्हल (फिरती कडी) आणि मग जाड तंगूस. वायरला एकदा मुरड पडली की ती टाकून द्या, सरळ करून पुन्हा वापरलेली वायर नेमकी त्याच जागी तुटते. केंडांचा त्रास असेल तर वायर लावण्यापेक्षा जागा बदला. पन्नास पावलं सरकलात तरी पुष्कळदा फरक पडतो.

लीडर कुठलाही असो, त्याची कसोटी गाठीवर असते. ब्रेडेडला जाड तंगूस जोडायला एफजी गाठ शिका. डबल युनी सोपी आहे आणि आखूड, हलक्या लीडरला चालते, पण ४० पौंडी तंगुसात तिचा गोळा होतो आणि प्रत्येक फेकीला तो कड्यांवर आदळतो. एफजीमध्ये लीडर दुमडायचाच नाही. ताणून धरलेल्या ब्रेडेडचे वेढे त्याच्या अंगावर आळीपाळीने एकदा वरून, एकदा खालून चढवायचे, १८ ते २०, आणि मग अर्ध्या गाठींनी बंद करायचे. गाठ ओली करून जोरात ओढली की वेढे तंगुसात रुततात आणि ब्रेडेडचा रंग गडद होतो. मग अंगठ्याच्या नखाने वेढे ढकलून बघा. जराही सरकले तर गाठ कापा आणि पुन्हा बांधा. ही गाठ किनाऱ्यावर वाऱ्यात, विजेरीच्या उजेडात पहिल्यांदा बांधायची नसते. आदल्या संध्याकाळी घरी, पायाच्या अंगठ्याला ब्रेडेड अडकवून निवांत बांधा.

गळाकडची गाठ आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करायचीच. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तिथला थर भाजतो. फ्लुरोकार्बनला हे जास्त बाधतं. जाड तुकड्याला क्लिंच गाठीत चारच वेढे द्या, सहासात दिले तर ती आवळलीच जात नाही.

आणि ही सवय लावून घ्या : प्रत्येक माशानंतर, तळाला अडकून सुटल्यानंतर, लीडरचा शेवटचा मीटरभर भाग दोन ओठांमधून ओढा. बोटांना न कळणारा ओरखडा ओठांना कळतो. हे नको वाटत असेल तर कापसाचा बोळा फिरवा, खरखरीत जागी कापसाचे तंतू अडकून राहतात. तंतू दिसले की वर दोन बोटं जागा सोडून कापायचं. हे दहा सेकंदांचं काम आहे.

खडपात शिसं पुन्हा पुन्हा अडकत असेल तर शिशाला बारीक, १०-१२ पौंडी तंगुसाने बांधायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेल. अडकलं तर फक्त शिसं जातं, मासा आणि लीडर वाचतो, हे बरोबर. पण तो बारीक तुकडा जोरदार फेक पेलत नाही. ज्या दिवशी असं बांधाल त्या दिवशी शिसं हळूच, खालून झोका देऊन टाकायचं, खडपावरून समोरच्या पाण्यात. पुळणीवर, लोकांमध्ये ही युक्ती करू नका.

मुडदुशीचं गणित अगदी उलटं आहे. तोंड लहान, दातांचा प्रश्न नाही, राहते ती रेतीच्या तळावर. फेकीचा लीडर शिशाप्रमाणेच ठेवा, पण शिसं हलकं घ्या. मासे पायाशी, पहिल्या लाटेच्या मागच्या खळग्यातही असतात. गळाचे तुकडे ८ ते १२ पौंडी, हातभर लांब, मऊ तंगुसाचे, लांब देठाचे बारीक गळ आणि आमिषाला कोळंबीचा तुकडा किंवा तिसऱ्याचं मांस. हिवाळ्यात, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाणी खरोखर स्वच्छ दिसत असेल तर इथे बारीक फ्लुरोकार्बनने फरक पडू शकतो, कारण मासा दिवसाउजेडी, आमिष नीट बघून खातो. एवढ्या बारीक तुकड्यांना लागतं तरी किती? एक लहान भेंडोळं पूर्ण हंगाम पुरतं.

तुम्ही मोरजीला जाता म्हणून एक विनंती आहे, आणि ती मनापासून आहे. टेंबवाड्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आश्वे-मांद्रे, आगोंद आणि गालजीबागलाही येतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा काळ. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्यांना स्थान आहे, म्हणजे वाघाइतकं संरक्षण. राखून ठेवलेल्या पट्ट्यात रात्री रॉड घेऊन जाऊ नका आणि पाण्याकडे विजेरीचे झोत टाकू नका. कापलेल्या लीडरचे तुकडे कधीही रेतीत टाकू नका. ६० पौंडी तंगूस कासवाच्या वल्ह्यात गुंतला तर सुटत नाही, किनाऱ्यावरच्या कुत्र्यांच्या आणि गुरांच्या पायांतही तो रुततो. मी वर सतत ‘कापा, कापा’ म्हणत आलो आहे, त्यामुळे तुकडे भरपूर निघतील. एक रिकामी बाटली बरोबर ठेवा, प्रत्येक तुकडा तिच्यात घाला आणि घरी न्या.

दुसरं, चोणकाबद्दल. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे तुमच्या हातून गेला तसला मोठा चोणक बहुधा अंडी घालणारी मादी. जाड लीडरचा हाही एक फायदा : लढत आखूड होते, मासा दमून मरणाला टेकत नाही आणि सोडलात तर जगतो. घरी खायला मध्यम आकाराचा एखादा न्या. मोठी मादी लागली तर फोटो काढा आणि पाण्यात धरून, ती स्वतः शेपटी मारेपर्यंत थांबून सोडा.

तुमची खरेदी अशी असावी. ४० पौंडी चांगल्या नायलॉनचं एक मोठं भेंडोळं, फेकीच्या लीडरसाठी. ६० पौंडीचं एक छोटं, नदीच्या मुखाशी गळाजवळ लावायला. मुडदुशीसाठी १० पौंडी. वायर आत्ता नको, इसवणीच्या मागे लागाल तेव्हा बघू. खरेदीला जाताना काकांना बरोबर घेऊन जा. ते तंगूस नखाने ओढून, वेढा घालून, सोडून बघतात ना, त्यावरून तो ताजा की वाळलेला हे त्यांना लगेच कळतं, आणि ते तुम्हीही शिकून घ्या.

राहिलं ते २५ पौंडी भेंडोळं. चोणकाला ते बारीक पडेल आणि ११० ग्रॅम शिशाच्या फेकीला तर अजिबात चालणार नाही. मिठाच्या पाण्यात बुडालं तर ठेवून द्या. हिवाळ्यात स्वच्छ पाण्यात २०-३० ग्रॅमची हलकी कृत्रिम आमिषं खेळवायला, चार फुटांचे तुकडे करून ते छान कामाला येईल. तपासायला फोडावं लागेल, म्हणून आधी दुकानदाराला विचारा की खोटं निघालं तर परत घेणार का. तरंगलं तर तो तुकडा आणि मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन दुकानात जा, त्याच्यासमोर करून दाखवा आणि पैसे परत मागा.